स्वतःचा माग पुसत गेलेला रूळ

ती घटना आजही आठवते, असं लिहायला बसलो आणि घटनेच्या आधी तो रूळच डोळ्यांपुढे आला. रस्ता दाबायचा, काळ्या दगडाचा, कमरेइतका उंच, एका अंगाला हळदीची बोटं ओढलेला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्या आठवणी माणसाला गप्प करतात. ही मात्र अशी आहे की ती आठवली की मी एकटा बसलेलो असलो तरी हसतो. म्हणून हीच सांगावी असं ठरवलं. मी काही लेखक नाही, नीट सांगता येईल की नाही याची शंकाच आहे. माणसांची आणि गावांची नावं देणार नाही. बैलांची देतो, त्यांची काही हरकत नसावी.

स्वातंत्र्य मिळून फार काळ झाला नव्हता. सांगलीचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कालपर्यंत जिथे संस्थानची हद्द होती आणि जकातीचा नाका होता, तिथे आता नुसता एक खांब उरला होता. त्या खांबाला लागूनच आमचं ठाणं. फौजदार म्हणून स्वतंत्र कारभार माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील माणदेशात मेंढरं राखत आणि थोडी जिराईत करत. माझ्या तोंडात पुस्तकी भाषा होती आणि अंगावर नवा गणवेश. दोन्ही मला जरा सैलच होत होते.

मागच्या काही वर्षांत साताऱ्याच्या खेड्यांनी पोलिसांचे जोडे फार पाहिले होते. त्यामुळे गणवेश दिसला की लोक दारं लावून घेत, आणि ते का लावतात हे आम्हालाही कळत होतं. आमचे हवालदार मुरलेले. ते म्हणायचे, "साहेब, आता राज्य आपलं झालंय म्हणत्यात. पर लोकास्नी त्ये आपल्या तोंडाकडं बघून पटाया पायजे."

आता रस्त्याविषयी. साताऱ्याकडून येणारी पक्की सडक आमच्या ठाण्याच्या तीन-चार गावं अलीकडेच संपत होती. सांगलीकडून येणारी सडक हद्दीच्या खांबापर्यंत होती. मधला सगळा तुकडा काळ्या मातीचा. पाऊस लागला की गुळाच्या गाड्या आसापर्यंत रुतत, आणि सांगलीच्या पेठेत पोचेपर्यंत ढेपांना पाणी सुटे. दोन राज्यांच्या भांडणात हा तुकडा कुणीच बांधला नव्हता. आता राज्य एक झालं, पण लोकल बोर्डाकडे एवढ्या कामाला पैसा नव्हता.

तेव्हा एक नवीच योजना निघाली. आज अशा गोष्टींना मोठमोठी नावं आहेत. तेव्हा लोक तिला नुसतं 'वाट्याचा रस्ता' म्हणत. बोर्डाने मोऱ्या बांधायच्या, ओव्हरसियर द्यायचा आणि रूळ द्यायचा. सांगलीच्या गूळपेठेतल्या व्यापाऱ्यांनी रोख रक्कम घालायची, आणि पुढे काही वर्षं मोटारी आणि परगावच्या गाड्या यांच्याकडून नाक्यावर पट्टी घेऊन ती वसूल करायची. वसूल झाली की नाका उठवायचा, रस्ता सगळ्यांना मोकळा. वाटेवरच्या गावांनी दगड फोडून खडी करायची, मुरूम वाहायचा, पाणी घालायचं. त्याबदल्यात त्यांच्या गाड्यांना पट्टी कायमची माफ. करारात एक अट होती. पावसाच्या आत शेवटचा तुकडा दाबून पुरा व्हायला हवा, आणि काम अडलं तर व्यापाऱ्यांना उरलेला पैसा रोखून धरता येईल.

गावांना तयार केलं ते एका पेन्शनर सुभेदारांनी. लढाईत ते इटलीपर्यंत जाऊन आले होते. गावोगावच्या पारावर बसून ते सांगत, "म्या बघितलंय. आदी रस्ता येतो, मग त्याच्या मागनं समदं येतं. दवाखाना येतो, शाळा येती. तुमी दगड द्या. ह्या रस्त्यात तुमचा वाटा हाय, माजा शबुद हाय." लोकांनी करारावर नाही, त्या शब्दावर दगड फोडला.

एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यापुढे मोटार थांबली. पेठेतल्या व्यापाऱ्यांचे पुढारी शेठ उतरले. त्यांच्या मागे तरुण ओव्हरसियर, चेहरा पार उतरलेला.

"फौजदारसाहेब, फिर्याद घ्या. रूळ चोरीला गेला," शेठ म्हणाले.

हवालदार दौतीत टाक बुडवत होते, ते थांबले. "रूळ म्हंजी? रस्त्यावरचा?"

"दुसरा कुठला असतो?"

"न्हाई, मुद्देमालाचं वर्णन लिवावं लागतंय. चार जोड्या लावल्याबिगार हालत न्हाई त्योच न्हवं? मग चोर एकटा व्हता का, शेठ?"

"थट्टा नको. पेठेतले भागीदार आधीच कुरकुरताहेत. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत रूळ मिळाला नाही तर ते हात काढून घेतील, आणि मला त्यांना थांबवता येणार नाही."

ओव्हरसियर हळूच म्हणाला, "दुसरा रूळ मागवला तर तो येईपर्यंत पाऊस येईल."

मी विचारलं, "कुणावर संशय?"

"सुभेदारावर. परवाच माझ्या मुकादमाशी भांडला. भाड्याचे बैल काढा म्हणत होता. लिहा त्याचं नाव."

फिर्यादी सांगेल ते लिहावंच लागतं. हवालदारांनी लिहिलं, पण टाक जरा जास्तच दाबून.

आम्ही जागेवर जाऊन पंचनामा केला. काम शेवटच्या गावांपैकी एकाच्या शिवेत येऊन थांबलं होतं. मागे दाबलेला पक्का रस्ता, पुढे नुसती पसरलेली खडी. एवढी जड वस्तू गेली तर माती बोलायला हवी. पण खडी जशीच्या तशी होती, म्हणजे रूळ पुढे गेलेला नव्हता. मागच्या रस्त्यावर चाकोरी नव्हती, ओरखडा नव्हता. मी वाकून वाकून पाहत होतो. हवालदार कमरेवर हात ठेवून उभे.

"साहेब, उगं कंबर मोडू नगासा. त्यो रूळ हाय. जाताना सवताचाच माग पुसत गेलाय."

नोकरीत पुढे कितीतरी चोर पाहिले. माग पुसण्यात त्या रुळाची बरोबरी करणारा एकही भेटला नाही.

कामावर मुकादमाचा राखणदार होता. त्याला विचारलं तर तो रडकुंडीला आला. "साहेब, गावानं जेवाय बोलावलं. पुरणपोळी वाढली, तुपात बुडालेली. वर कटाची आमटी. माजा डोळा लागला."

"कसला सण होता?"

तो विचारात पडला. "सण असा कायच नव्हता, साहेब."

हे मी मनात टिपून ठेवलं. बिनसणाची पुरणपोळी, आणि ती परक्या राखणदाराला. याचा अर्थ गाव सामील होतं. पण गावात कोण, आणि कशासाठी? रूळ विकून कुणाचं घर चालणार?

संशयित म्हणून सुभेदारांना ठाण्यावर बोलावलं. ते आले ते परेडला आल्यासारखे. मी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

"माजं नाव लिवलंय का?"

"फिर्यादीत आहे."

"मग हुबाच बरा हाय. संशयितानं सायबाम्होरं खुर्चीत बसू ने."

"मुकादमाशी आपलं भांडण झालं होतं का?"

"झालं. म्हनलं, गावची बैलं लावा. त्यो म्हनला, गावच्या बैलांचं झेंगाट नगं. करारात बैलांचं काय लिवलेलं नव्हतं, म्हणून गप बसलो."

"रूळ कुठे आहे?"

"ठावं न्हाई. ठावं आस्तं तर म्याच वडत आणला आस्ता." मग ते म्हणाले, "साहेब, ह्या गावांनी माज्या बोलण्यावर दगड फोडला. बाया-बापड्यांच्या हाताला फोड आलं. आता जर रस्ता थांबला, तर माज्या पेन्शनीचं काय न्हाई, पर कुणाच्या पारावर बसायला तोंड ऱ्हाणार न्हाई."

माझा असा अनुभव आहे की खोटं बोलणारा माणूस उत्तराला कारणं जोडत जातो. न विचारलेलंही सांगतो. सुभेदारांनी एकही कारण जोडलं नाही. मी त्यांना जाऊ दिलं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून वरिष्ठांचा निरोप आला होता की नाव आहे तर अटक का नाही. "तपास चालू आहे," एवढंच कळवलं.

खबर मिळाली ती वेगळ्याच दाराने. बांगड्या विकणारी एक कासारीण आठवड्यातून एकदा ठाण्याच्या वसाहतीत यायची. हवालदारांच्या दारात बांगड्या भरता भरता ती म्हणाली, "रूळ गेला त्या गावातल्या बायांस्नी औंदा काय झालंय, द्येव जाणे. बांगड्या नगं म्हणत्यात. समद्या झुली शिवाय बसल्यात. आरसं लावल्यात, गोंडं लावल्यात."

हवालदारांनी मला हाक मारली. "साहेब, ऐकलं का? चैतात झुली."

बैलांच्या झुली, शिंगांना रंग, हे सगळं बेंदराच्या सणाला. बेंदूर यायला अजून पेरण्या व्हायच्या होत्या. मी विचारलं, "झुली कुणाच्या घरी शिवतात?"

"आक्काच्या. मानाचं घर त्येच," कासारीण म्हणाली, आणि पुढची बांगडी चढवू लागली.

आक्का म्हणजे त्या गावातली पन्नाशीची एक विधवा. नवऱ्याच्या मागे शेत तिनेच सांभाळलेलं. सगळं गाव तिला आक्का म्हणे आणि जरा बिचकून असे. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर पाच-सहा बाया सुया ओवत होत्या. आम्हाला पाहून सुया थांबल्या, आक्काची थांबली नाही.

"या फौजदार, बसा. ऊन लय हाय. ताक घ्या."

मी घसा साफ केला. "मी चौकशीकरता आलो आहे. रुळाच्या नाहीशा होण्यासंबंधी आपल्याला काही माहिती आहे काय?"

ती हवालदारांकडे वळली. "ह्ये काय म्हंत्यात?"

"रूळ बघितला का, इचारत्यात."

"मग तसं म्हणा की. रूळ व्हय? त्यो काय गजरा हाय, पदराखाली झाकाया?"

बाया खाली माना घालून हसू लागल्या. मी पुढचा प्रश्न केला. "या झुली कशासाठी चालल्या आहेत?"

"बैलं उघडी बरी दिसत न्हाईत."

"एवढ्या उन्हात झूल?"

"ऊन हाय म्हणूनच. तुमी न्हाई का टोपी घातली?"

हवालदारांनी ताकाचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. माझी चौकशी तिथेच संपल्यासारखी होती. मी उठलो, नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

घराशेजारी खळं होतं, खळ्याला लागून रस्ता. खळ्यावर कडब्याची मोठी गंज रचलेली. मी तिच्यावरून पुढे गेलो आणि पाय थांबले. का थांबले हे कळायला थोडा वेळ लागला. लहानपणी वडिलांच्या हाताखाली मी गंज रचू लागत असे. सुगी झाली की कडबा एकदा रचतात, आणि मग उन्हावाऱ्याने बाहेरच्या पेंढ्या काळवंडत जातात. आतल्या मात्र पिवळ्या धमक राहतात. या गंजीत पिवळ्या पेंढ्या बाहेर होत्या, काळ्या मध्येच कुठेतरी डोकावत होत्या. सगळं उलटंपालटं. म्हणजे ही गंज नुकतीच मोडून पुन्हा रचलेली होती. शिवाय मळणी झाल्यावर कडबा गोठ्यापाशी नेतात, खळ्यावर कोण ठेवतं?

आक्का मागोमाग दारात आली होती. मी वळलो, आणि तोंडातून आपोआप घरची भाषा निघाली. "आक्का, ही गंज कवा मोडली?"

"मोडली कुठं? रचलीया," म्हणता म्हणता ती थांबली.

"रचल्याली तर दिसतीया. पर काळ्या पेंढ्या आत आन पिवळ्या भाईर. असली गंज आमच्या बानं बघितली आस्ती तर मला पुना रचाय लावली आस्ती."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "कुठलं म्हणायचं तुमी?"

"माणदेशातला."

"आई-बा काय करत्यात?"

"मेंढरं हायती. थोडी जिराईत."

"मग मगाधरनं त्ये काय बोलत व्हता?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मोकळी हसली.

मी गंजीत हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि बोटांना गार दगड लागला. दोन पेंढ्या बाजूला केल्या. रूळ धुतलेला होता, आणि त्याच्या अंगावर हळदीची बोटं ओढलेली होती.

"आमी चोरला न्हाई," आक्का म्हणाली. "ठिवलाय."

मग तिने सांगितलं ते असं. त्या पट्ट्यातल्या गावांचा एकच देव, आणि त्याचा रथ वर्षातून एकदा या सगळ्या गावांतून फिरतो. रथाला प्रत्येक गावाने लाकूड दिलेलं. त्यामुळे रथ ज्या गावाच्या शिवेवर येतो तिथे आधीचे बैल सुटतात, नारळ फुटतो आणि त्या गावाची मानाची जोडी जुंपली जाते. आक्काच्या गावात ती जोडी तिच्या घरची. ज्याचा वाटा, त्याचा मान. हे तिथल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर कळतं.

"सुभेदार म्हनलं, रस्त्यात तुमचा वाटा हाय. आमी दगड फोडला. वाटा हाय म्हंजी मान आलाच, त्यात इचारायचं काय? आन रूळ आमच्या शिवंवर आला त्यो भाड्याच्या बैलांवर. नारळ न्हाई, कुकू न्हाई. मुकादम विडी वडत म्होरं निघून गेला. बिनमानाचा रस्ता कुणाचा, फौजदार? कुणाचाच न्हाई. उद्या त्याला खड्डा पडला तर कोण बुजवंल?"

"मग लपवला कशाला?"

"झुली व्हायच्या व्हत्या. आकितीला वाजतगाजत भाईर काढणार, आन आमचा तुकडा आमीच दाबणार. म्होरच्या गावास्नीबी सांगितलंय. समद्यांची तयारी चाललीया."

"सुभेदारांना ठाऊक आहे?"

"त्यास्नी कसं सांगू? त्यो शबुदाचा माणूस. तुमी इचारलं आस्तं तर खरं सांगून बसला आस्ता."

आक्काला वाटत होतं की थोड्या दिवसांच्या उशिराने काही बिघडत नाही. कराराची अट सभेत वाचली गेली होती, पण ती सरकारी भाषेत. सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणालाच कळलं नाही. मी तिला साध्या शब्दांत सांगितलं की आकिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, बाजाराच्या नंतर येते, तोवर व्यापारी पैसा थांबवतील आणि रस्ता इथेच राहील. आणि फिर्यादीत सुभेदारांचं नाव आहे.

तिचा चेहरा बदलला. हातातली सुई तिने पदराला टोचून ठेवली. "त्यांचं नाव काढा. माजं घाला. आत्ता घाला."

चोरीच्या कलमाला अप्रामाणिक हेतू लागतो. इथे हेतू होता हळद-कुंकू लावण्याचा. मला ती चोरी वाटत नव्हती, पण मला वाटून भागणार नव्हतं. एका शिपायाला सायकलवर पाठवून मी शेठ, ओव्हरसियर आणि सुभेदार, तिघांनाही खळ्यावर बोलावलं.

शेठ आले ते तापलेले. गंजीतून डोकावणारा रूळ त्यांनी आधी हात लावून पाहिला. सुभेदार लांब, लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. गावाने आपल्याला न सांगता हे केलं, याचं त्यांना लागलेलं दिसत होतं. मी सगळं सांगितलं.

"मानासाठी?" शेठ म्हणाले. "आम्ही पेठेतून पैसा उभा केला, आणि तुम्ही मानासाठी काम अडवता?"

आक्का म्हणाली, "शेठ, तुमचा पैसा नाक्यावर परत यील. यावाच. आमचा दगड परत यील का?"

शेठनी ओव्हरसियरकडे पाहिलं.

"आमाला परत कायबी नगं. फकस्त आमच्या शिवंतनं आमच्या बैलांनी जाऊ द्या."

ओव्हरसियर पुढे आला. तो म्हणाला, "शेठ, खरं सांगू का? भाड्याचे बैल दुपारपर्यंत दमतात. प्रत्येक शिवेवर ताज्या जोड्या मिळाल्या तर काम बाजाराच्या आतच होईल."

"आन भाडं वाचंल," हवालदार म्हणाले. "आता तरी हसा, शेठ."

शेठ हसले नाहीत, पण पागोटं काढून त्यांनी कपाळ पुसलं. मग जरा रुसल्यासारखे म्हणाले, "सगळ्यांना मान. आणि आमचा? आम्ही वाटेकरी नाही का?"

आक्काला हे एकदम पटलं. "हायसा की. तुमचीबी जोडी आणा."

"माझ्याकडे बैल कुठले? मोटार आहे."

"मग तिला झूल घालू. एक जादा शिवलीया."

आता बायांबरोबर शेठही हसले. पण अडचण संपली नव्हती. फिर्याद दाखल होती, रूळ हा मुद्देमाल होता. तो ताब्यात घेऊन ठाण्यात जमा करणं मला भाग होतं, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तो कामावर परत देता येत नव्हता. हुकूम येईपर्यंत बाजार होऊन गेला असता. हे मी सगळ्यांना सांगितलं. मला माझ्याच गणवेशाचा राग आला.

हवालदार कान खाजवत म्हणाले, "साहेब, मुद्देमाल ठाण्यात न्यायचा न्हवं?"

"न्यायचा."

"मग न्हिऊ की. ठाण्याची वाट हीच हाय."

कुणालाच आधी कळलं नाही. मग ओव्हरसियरने पसरलेल्या खडीकडे पाहिलं, खडी जिथे जाऊन संपत होती त्या आमच्या ठाण्याच्या दिशेला पाहिलं, आणि तो मटकन खळ्यावर बसून हसायला लागला. मी मनातल्या मनात नियमावली चाळली. मुद्देमाल पोलीस पहाऱ्यात न्यावा, असं आहे. तो कुणाच्या बैलांनी न्यावा, वाटेत किती वेळा मागेपुढे करावा, त्याच्यापुढे पाणी शिंपडावं की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

निघायच्या आधी शेठ स्वतःहून लिंबाखाली गेले. "सुभेदार, माझा तुमच्यावर संशय नाही. फौजदारांसमोर सांगतो." मी तिथेच त्यांचा पुरवणी जबाब लिहून घेतला, सही घेतली. मग सुभेदारांकडे पाहिलं.

"आता बसतो," ते म्हणाले, आणि झाडाच्या मुळीवर टेकले. इतका वेळ उभा राहिलेला तो माणूस बसल्यावर एकदम म्हातारा दिसला. आक्का ताक घेऊन गेली. त्यांनी ते घेतलं, पण आधी म्हणाले, "मला सांगितलं आस्तं तर खरंच बोललो आस्तो."

"म्हणूनच न्हाई सांगितलं," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमाल निघाला. अशी मुद्देमालाची मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही. आक्काची पाखऱ्या-बावऱ्या ही खिलार जोडी सगळ्यांत पुढे, शिंगं रंगवलेली, आरशांच्या झुली उन्हात चमकत. मागे गावातल्या आणखी तीन जोड्या. बायका घागरींनी खडीवर पाणी घालत होत्या, मुरूम पसरत होत्या. हलगी वाजत होती. रुळाच्या दोन्ही बाजूंना बंदूकधारी शिपाई, कारण पहारा कागदावर दाखवायचा होता. सगळ्यांच्या मागे शेठची मोटार, बॉनेटवर झूल, आणि आत बसलेले शेठ खिडकीतून गुळाचे खडे वाटताहेत.

शिवेवर रूळ थांबला. नारळ फुटला, जोड्या सुटल्या, पुढच्या गावाच्या जुंपल्या. त्या गावाच्या म्हाताऱ्यांनी आपल्या जोड्यांची तारीफ केली, आधीच्या गावाने नावं ठेवली. "बैलं हायती का शेळ्या रं?" असं कुणी म्हणायचं, आणि मग त्या जोड्या चवताळून ओढायच्या. ओव्हरसियर धावत धावत दाब तपासत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता की असं काम त्याने पाहिलेलं नाही. जागजागी मागेपुढे करत, गावोगाव मुक्काम करत, बाजाराच्या आदल्या दिवशी रूळ आमच्या ठाण्यापाशी आला.

शेवटचा थोडा तुकडा उरला. तो कुठल्याच गावाच्या शिवेत नव्हता, ठाण्याच्या हद्दीतली सरकारी जागा होती. आक्काने हात वर केला आणि बैल थांबवले.

"हितनं म्होरं सरकारची शीव. सरकारची जोडी कुठाय?"

लोक माझ्याकडे पाहू लागले. आमच्या ठाण्यात बैल नव्हते, एक म्हातारं घोडं होतं. मी हवालदारांकडे पाहिलं. ते आधीच कोटाची बटणं काढत होते. मीही टोपी काढून मोटारीच्या झुलीवर ठेवली. बैल सोडले, दोर बांधले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हवालदार आणि शिपाई. रूळ काही हलेना.

"जोडी कमी पडतीया," कुणीतरी म्हणालं. मग शेठ मोटारीतून उतरले आणि धोतर खोचून दोराला लागले. ओव्हरसियर लागला. मग गावं लागली, सगळी एकदम, कुठल्या गावाचा हात कुठल्या दोराला हे कळेनासं झालं. सुभेदार पुढे उभे राहिले, इटलीत ज्या आवाजात हुकूम दिले असतील त्याच आवाजात म्हणाले, "खींच," आणि रूळ हलला.

रूळ हद्दीच्या खांबाला जाऊन टेकला. पलीकडे सांगलीची सडक होती.

प्रकरण गैरसमजातून दाखल झालेलं म्हणून बंद झालं. कोर्टाने मुद्देमाल बोर्डाला परत दिला. पुढे काही वर्षांनी पेठेचा पैसा वसूल झाला आणि नाका उठला, असं मी बदलीच्या गावी ऐकलं. त्या पावसाळ्यात रस्त्याला पडलेले खड्डे ज्या त्या गावाने न सांगता बुजवले, हे मात्र मी स्वतः पाहिलं होतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, हे थोडक्यात सांगणं मला जमेल की नाही ठाऊक नाही. ठाण्यात आम्ही विचारतो, वस्तू कुणाची आणि नेली कुणी. त्यानंतर मी आणखी एक गोष्ट विचारू लागलो: यात वाटा कुणाकुणाचा आहे, आणि तो त्यांना मिळाला असं त्यांना वाटतं का? पैसा घालणाऱ्याचा वाटा लिहून ठेवलेला असतो. दगड फोडणाऱ्याचा बहुधा कुणी लिहीत नाही, म्हणून तो माणूस आपल्या पद्धतीने लक्षात आणून देतो. तेव्हा त्याला लगेच चोर म्हणू नये. आणि शक्यतो त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावं.

त्या संध्याकाळी दोराने सोलवटलेल्या हाताने मी स्टेशन डायरी लिहायला घेतली. काय लिहावं सुचेना. हवालदार शेजारी हातांना तेल चोळत बसले होते.

"लिवा की साहेब. मुद्देमाल ठाण्यात जमा."

मी तसं लिहिलं. मग शाई वाळायच्या आत त्याच ओळीत पुढे, नियमात बसत नव्हतं तरी, आणखी दोन शब्द घातले: रस्त्यासहित पोचला.